उंदरांचा संसार आणि माणसांची नीती

व्हॅलेंटाइन डे जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. अमेरिकेत म्हणे एक उंदीर आहे, तो जन्मभर एकाच जोडीदाराशी एकनिष्ठ राहतो, कारण त्याच्या मेंदूत ऑक्सिटोसिन नावाचं 'प्रेमाचं हार्मोन' असतं. खाली उपदेश: मुक्या जनावराला कळतं, ते आजच्या पिढीला कळत नाही. आणखी खाली, 'विज्ञानाने सिद्ध झाले आहे'.

आज या उंदराचा इतिहास लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. या इवल्याशा प्राण्याच्या नावावर अमेरिकेत सरकारी पदाच्या नेमणुकीचा वाद झाला, लग्न टिकवणाऱ्या 'जीन'चे मथळे छापून आले, स्वमग्न मुलांच्या आईबापांच्या आशा वाढल्या. आणि पन्नास वर्षांनी संशोधकांनीच सांगितलं की मूळ गोष्ट इतकी सरळ नव्हती.

आधी प्राणी कोण ते बघू. त्याचं नाव प्रेअरी व्होल. अमेरिकेच्या मध्य भागातल्या गवताळ माळरानावर राहतो. दिसायला आपल्या शेतातल्या उंदरासारखाच, पण अंगाने गुबगुबीत, कान लहान, शेपूट आखूड. वजन साधारण ४० ग्रॅम. गवतात वाटा पाडतो, बीळ करतो, गवताचं घरटं बांधतो. साप, घार, घुबड, कोल्हा, सगळ्यांचं हे खाद्य. त्यामुळे रानात वर्षभर जगला तरी पुष्कळ. 'जन्मभराची साथ' म्हणतात तेव्हा हा 'जन्म' बहुतेकदा काही महिन्यांचाच असतो, हे लक्षात ठेवा.

१९७२ मध्ये इलिनॉय विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ लोवेल गेट्झ यांनी या व्होलची मोजणी सुरू केली. प्रेम, लग्न हा विषयच नव्हता. प्रश्न शेतकऱ्यालाही पडेल असा होता: काही वर्षी या प्राण्यांची संख्या एकदम भरमसाट वाढते आणि मग कोसळते, असं का? त्यासाठी दर महिन्याला माळावर जिवंत पकडणारे पिंजरे लावायचे, आत भरडलेला मका ठेवायचा, सापडलेल्या प्राण्याला खूण करून नोंद करायची आणि सोडून द्यायचं. हे काम २५ वर्षं चाललं. ऊन, पाऊस, बर्फ, काही असो.

गेट्झ यांच्या पिंजऱ्यात एकाहून जास्त प्राणी शिरू शकत. नोंदी साठत गेल्या तसं त्यांना काहीतरी वेगळं दिसायला लागलं. एकाच पिंजऱ्यात नर आणि मादी सोबत सापडत होते. तेही कुठलेही दोन नव्हे. जी जोडी या महिन्यात, तीच पुढच्या महिन्यात. त्याच परिसरात मेडो व्होल नावाचा त्यांचा चुलत भाऊ राहतो, त्याच्यात हे दिसत नव्हतं. सस्तन प्राण्यांत जोडीने राहण्याची पद्धत मुळात दुर्मीळ. २०१३ मध्ये सुमारे २५०० जातींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ती जेमतेम ९ टक्के जातींत आढळली. म्हणजे संख्या मोजायला गेलेल्या माणसाच्या हाती भलतंच घबाड लागलं होतं.

इथे थोडं राजकारण सांगायला हवं, कारण त्या काळाची हवा त्यातून कळते. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी 'गोल्डन फ्लीस' नावाचा खोचक पुरस्कार सुरू केला. जनतेच्या पैशाची उधळपट्टी करणाऱ्याला तो द्यायचा. पहिलाच मानकरी ठरली तिथली राष्ट्रीय विज्ञान संस्था. का? तर माणसं प्रेमात का पडतात, या अभ्यासाला तिने ८४ हजार डॉलर दिले म्हणून. पेपरांत भरपूर हशा पिकला. ज्या दोन महिला संशोधकांचा तो अभ्यास होता, त्यांना मात्र लोकांचे शिव्याशाप खावे लागले.

आता विचार करा, त्याच वर्षी इलिनॉयच्या माळावर एक प्राध्यापक उंदीर मोजत होता. 'लोकांच्या पैशावर उंदीर मोजतात' हा मथळा कुणालाही सुचला असता. आपल्याकडेही विद्यापीठातल्या एखाद्या संशोधनाचं नाव वाचून अशीच टिंगल होते. 'याचा उपयोग काय?' हा प्रश्न गैर नाही. पण पहिल्याच वर्षी उत्तर मागितलं असतं तर गेट्झ यांच्याकडे दाखवायला मक्याच्या पोत्यांशिवाय काही नव्हतं.

गेट्झ यांनी आपली शंका त्याच विद्यापीठातल्या स्यू कार्टर यांना सांगितली. कार्टर प्रयोगशाळेत हॅमस्टरवर काम करत होत्या. हॅमस्टरची मादी समागम झाला की नराच्या अंगावर धावून जाते, तो पळाला नाही तर त्याची धडगत नाही. असा प्राणी रोज डोळ्यासमोर असलेल्या बाईंना जोडीने राहणाऱ्या उंदराची गोष्ट सहज पटण्यासारखी नव्हती. तरी त्यांनी व्होल प्रयोगशाळेत आणले, पाळले, वाढवले. १९८१ मध्ये गेट्झ, कार्टर आणि त्यांच्या सहकारी यांनी रानातला आणि प्रयोगशाळेतला पुरावा एकत्र मांडला: हा प्राणी जोडी जमवतो आणि टिकवतो.

जे दिसलं ते खरंच विलक्षण आहे. घरात आईबापांजवळ वाढणारी मादी वयात आली तरी माजावर येत नाही. बापाच्या किंवा भावाच्या वासाने तिच्यात काही फरक पडत नाही. घराबाहेरच्या, अनोळखी नराच्या मूत्राचा वास आला की मग तिचं शरीर जागं होतं आणि एक-दोन दिवसांत ती माजावर येते. म्हणजे जवळच्या नात्यातला संबंध टाळण्याची सोय निसर्गाने नाकातच करून ठेवलीय. मग नर-मादी दिवसभर, कधी त्याहून जास्त वेळ, एकमेकांबरोबर राहतात, पुन्हा पुन्हा समागम करतात. अंडंही समागमानंतरच सुटतं. साधारण तीन आठवड्यांनी पिल्लं होतात. नर पळून जात नाही. घरटं नीट करतो, पिल्लांना ऊब देतो, चाटून साफ करतो, बाहेर पडलेलं पिल्लू उचलून आत आणतो. दूध पाजणं सोडलं तर आईची सगळी कामं करतो. अनोळखी व्होल जवळ आला तर त्याच्यावर तुटून पडतो. जोडीदार मेला तर राहिलेला प्राणी बहुतेक वेळा नवी जोडी जमवत नाही.

हे मोजायचं कसं? त्यासाठी कार्टर यांच्या प्रयोगशाळेत एक साधी चाचणी तयार झाली. नळ्यांनी जोडलेले तीन कप्पे. एका कप्प्यात जोडीदार बांधून ठेवलेला, दुसऱ्यात तेवढाच अनोळखी प्राणी बांधलेला, तिसरा कप्पा रिकामा. ज्याची परीक्षा आहे तो मोकळा. तीन तास तो कुणाला चिकटून बसतो, एवढंच बघायचं. प्रेअरी व्होल जोडीदाराकडे जाऊन बसतो. डोंगराळ भागातला त्याचा भाऊबंद, माँटेन व्होल, त्याला असं काही पडलेलं नसतं. आजही हीच चाचणी वापरतात.

आता ऑक्सिटोसिनकडे येऊ. हे नाव ग्रामीण वाचकांना नवीन नाही. म्हशीने पान्हा सोडावा म्हणून चोरून टोचलं जाणारं इंजेक्शन, तेच हे. १९०६ मध्ये हेन्री डेल यांनी दाखवलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावतं. १९५० च्या दशकात व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी हे रसायन प्रयोगशाळेत बनवलं, १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. नऊ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. बाळंतपणात कळा आणणं, रक्तस्राव थांबवणं आणि दुधाचा पान्हा, ही त्याची पक्की, शंभर वर्षं तपासलेली कामं.

आई आणि बाळ यांच्यातल्या ओढीत याचा हात असेल, तर नर-मादीच्या ओढीतही असेल का, असा विचार पुढे आला. १९९२ मध्ये थॉमस इन्सेल आणि लॉरेन्स शॅपिरो यांनी दाखवलं की प्रेअरी व्होल आणि माँटेन व्होल यांच्या मेंदूत ऑक्सिटोसिन पकडणारे रिसेप्टर वेगवेगळ्या ठिकाणी असतात. रिसेप्टर म्हणजे कुलूप समजा, हार्मोन म्हणजे किल्ली. किल्ली दोघांकडे तीच, कुलपं मात्र वेगळ्या दारांना. पुढच्या दोन वर्षांत दिसलं की मादीच्या मेंदूत ऑक्सिटोसिन सोडलं तर समागम न होताच ती नराशी जोडी जमवते, आणि कुलूप औषधाने बंद केलं तर जमवत नाही. नरामध्ये व्हॅसोप्रेसिन नावाचं त्याचंच भावंड जास्त महत्त्वाचं दिसलं.

मग लॅरी यंग आले. २००४ मध्ये त्यांच्या गटाने मेडो व्होलच्या नराच्या मेंदूत, नेमक्या एका जागी, व्हॅसोप्रेसिनच्या रिसेप्टरची संख्या जीन टाकून वाढवली. कुणाशीच न बांधलेला हा नर ओळखीच्या मादीजवळ बसायला लागला. एका जीनने प्राण्याचं वागणं पालटलं! जगभर बातम्या झाल्या. प्रयोग खरा होता, चोख होता. पण 'मादीजवळ बसायला लागला' याचं 'एकनिष्ठ झाला' कधी झालं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

इथे आपल्या भाषेचीही गंमत बघा. शास्त्रज्ञ म्हणतात, हा प्राणी जोडीने राहतो. आपण भाषांतर करतो 'एकनिष्ठ', कुणी तर सरळ 'एकपत्नीव्रती'. निष्ठा आणि व्रत हे माणसाचे शब्द. व्रत घेतलं जातं, पाळलं जातं, मोडलंही जातं. उंदराने कसलं व्रत घेतलंय? आणि खरी गोष्ट तर पुढेच आहे. पिल्लांची जनुकीय तपासणी सुरू झाल्यावर आढळलं की एकाच विणीतल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. मोकळ्या कुंपणात ठेवलेल्या व्होलवर २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे चतुर्थांश पिल्लं जोडीबाहेरच्या संबंधातून झालेली होती. काही नर तर घर न करता आयुष्यभर फिरस्तेच राहतात. म्हणजे एकत्र राहणं, पिल्लं वाढवणं, घर राखणं हे एक, आणि शरीरसंबंध फक्त तिथेच ठेवणं हे दुसरं. आपल्या फॉरवर्डमधला आदर्श उंदीर पहिल्या गोष्टीत पास आहे, दुसरीत अधूनमधून नापास होतो.

पण तोवर राजकारण्यांना उंदीर सापडला होता. नोव्हेंबर २००६ मध्ये बुश सरकारने एरिक केरोअॅक नावाच्या डॉक्टरांना कुटुंबनियोजनाच्या सरकारी कार्यक्रमाचं प्रमुख नेमलं. गरीब बायकांना गर्भनिरोधक आणि तपासण्या मिळाव्यात म्हणून केंद्राचा मोठा निधी या खात्यातून जातो. हे डॉक्टर त्याआधी अशा संस्थेत होते जी गर्भनिरोधकं देतच नव्हती, लग्नापर्यंत संयम हाच तिचा मार्ग. आणि त्यांच्या भाषणांत, लेखनात ऑक्सिटोसिन होतं. मांडणी अशी: लग्नाआधी जास्त जणांशी संबंध आले की ऑक्सिटोसिनचा परिणाम कमी होतो आणि पुढे जोडीदाराशी घट्ट नातं जमत नाही. असं दाखवणारा कुठलाही अभ्यास माणसावर झालेला नव्हता. संशोधकांनी आक्षेप घेतले. मार्च २००७ मध्ये केरोअॅक यांनी पद सोडलं, तेही दुसऱ्याच एका प्रकरणामुळे. पण ते वाक्य राहिलं. आजही ते वेगवेगळ्या भाषांत, वेगवेगळ्या धर्मांच्या प्रवचनांत ऐकू येतं. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ते मुलींनाच सांगितलं जातं.

पुढचं प्रकरण स्वीडनचं. २००८ मध्ये हासे वालुम आणि सहकाऱ्यांनी जुळ्यांच्या नोंदींवरून माणसातल्या व्हॅसोप्रेसिन रिसेप्टरच्या जीनचा अभ्यास केला. ज्या पुरुषांत त्या जीनचं एक विशिष्ट रूप नव्हतं, त्यांच्यापैकी १५ टक्के जणांनी गेल्या वर्षात लग्न मोडण्याच्या बेतात आलं होतं असं सांगितलं. ज्यांच्यात त्या रूपाच्या दोन प्रती होत्या, त्यांच्यात हे प्रमाण ३४ टक्के होतं. लेखकांनीच म्हटलं होतं की परिणाम बेताचा आहे, यावरून एखाद्या माणसाबद्दल काही सांगता येत नाही. मथळे काय लागले असतील ते तुम्ही ओळखलं असेल. 'घटस्फोटाचा जीन', 'बाहेरख्याली जीन'. खरं तर दोन वर्षं आधी, २००६ मध्येच, युरोपातल्या संशोधकांनी व्होलच्या बऱ्याच जाती तपासून दाखवलं होतं की जीनचा तो लांब तुकडा जोडीने न राहणाऱ्या जातींमध्येही आहे. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच होतं की सस्तन प्राण्यांचं जोडीने राहणं एका जीनच्या हातात नाही. ती बातमी किती जणांनी वाचली? आमच्या धंद्यात 'सापडलं' याला पहिलं पान असतं, 'तसं नाही' याला आतल्या पानावरचा एक चौकोन.

हसण्यावारी नेता येणार नाही असा भाग आता येतो. २००५ नंतर माणसांच्या नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा मारून विश्वास वाढतो का, सहानुभूती वाढते का, याचे प्रयोग धडाक्यात सुरू झाले. ज्या मुलांना माणसांशी नातं जोडणं जड जातं, त्या स्वमग्न मुलांना हा फवारा उपयोगी पडेल अशी आशा निर्माण झाली. ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांना विचारा, आशेची किंमत काय असते. अमेरिकेत २९० मुलांवर २४ आठवडे नीट तपासणी झाली, अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसता फवारा. २०२१ मध्ये निकाल आला: मुलांच्या सामाजिक वागण्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. त्याआधी, २०१६ मध्ये, स्वीडनच्या अभ्यासातले तेच वालुम आणि व्होलवाले लॅरी यंग यांनी मिळून लिहिलं होतं की नाकातल्या फवाऱ्याचे बरेच प्रयोग फार थोड्या माणसांवर झालेत आणि त्यांतले अनेक निष्कर्ष टिकणार नाहीत. ज्यांनी हा विषय मोठा केला, त्यांनीच ब्रेक लावला. मला हा प्रामाणिकपणा मोठा वाटतो.

मग आला जानेवारी २०२३. देवानंद मनोली, निराव शाह आणि सहकाऱ्यांनी जीन कापण्याचं नवं तंत्र वापरून असे प्रेअरी व्होल तयार केले, ज्यांच्यात ऑक्सिटोसिनचा रिसेप्टर जन्मापासूनच नव्हता. कुलूपच काढून टाकलं. तीस वर्षांच्या समजुतीप्रमाणे या प्राण्यांनी जोडी जमवायला नको होती. त्यांनी जमवली. तीन कप्प्यांच्या त्याच चाचणीत ते जोडीदाराला चिकटून बसले, अनोळखी प्राण्याला हाकललं, पिल्लं झाली, ती सांभाळली. माद्यांनी दूधही पाजलं, मात्र जगलेल्या पिल्लांची संख्या आणि त्यांचं वजन कमी भरलं.

मग आधीचे प्रयोग खोटे? नाही. औषधाने मोठ्या प्राण्याचं कुलूप अचानक बंद करणं वेगळं, आणि जन्मापासून कुलूप नसलेल्या मेंदूने दुसरी वाट शोधणं वेगळं. २०२५ मध्ये बर्कलीच्या गटाने अशाच रिसेप्टर नसलेल्या माद्यांची मैत्री तपासली, जोडीदाराशी नव्हे तर दुसऱ्या माद्यांशी. मैत्री झाली, पण एरवी एका दिवसात होते तिला आठवडाभर लागला. म्हणजे ऑक्सिटोसिन आहे, डोपामिन आहे, व्हॅसोप्रेसिन आहे, आणखीही असतील. पिल्लं जगवायला जोडी लागत असेल तर निसर्ग ती एकाच खिळ्यावर टांगून ठेवणार नाही.

याचा आपल्याशी काय संबंध, असं विचाराल तर आपल्याकडचं उदाहरण आहेच. २०१८ मध्ये केंद्र सरकारने म्हशींवरच्या गैरवापराचं कारण देऊन खासगी कंपन्यांना देशात विक्रीसाठी ऑक्सिटोसिन बनवायला बंदी केली आणि एकाच सरकारी कंपनीवर सगळा भार टाकला. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात हे औषध हाताशी नसेल तर बाई दगावू शकते. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हा निर्णय मनमानी ठरवून रद्द केला, पुढे वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. म्हणजे या रसायनाचा पक्का उपयोग आपल्या तालुक्याच्या प्रसूतिगृहात आहे, जिथे त्याची एक बाटली रात्री दोन वाजता फ्रीजमध्ये असायला हवी. त्यावर फॉरवर्ड येत नाहीत. फॉरवर्ड येतात ते 'प्रेमाच्या हार्मोन'वर.

लग्न टिकावं, माणसं एकमेकांशी नीट वागावीत, असं मलाही वाटतं. त्यासाठी बोलावं, समजवावं, कायदे करावेत, आपल्या परंपरेतली चांगली उदाहरणं द्यावीत. पण ते माणसाचं मत म्हणून सांगावं, उंदराच्या आडून सांगू नये. आज उंदराच्या नावाने एकनिष्ठा शिकवाल, तर उद्या कुणी त्याच उंदराच्या चतुर्थांश पिल्लांचा हिशेब पुढे करून उलटं सांगेल. मग काय उत्तर देणार?

म्हणून 'विज्ञान सांगतं' असं कुणी म्हणालं, मग तो पुढारी असो, महाराज असो की आमच्यातला बातमीदार, तर तीन गोष्टी विचारा. कुठल्या प्राण्यावर बघितलं? किती जणांवर बघितलं? आणि नंतर दुसऱ्या कुणी तपासलं का? गेट्झ यांनी २५ वर्षं दर महिन्याला पिंजरे उघडून बघितले. आपल्याला फॉरवर्ड करण्याआधी पाच मिनिटं थांबायला हरकत नाही.

गावातल्या जीवशास्त्राच्या शिक्षकांनी आणि डॉक्टर मंडळींनी यात भर घालावी, खाली जरूर लिहा.